दुर्मिळ आयसीचा शोध



हौसेने ध्वनियंत्रे बांधणाऱ्या माणसावर एक प्रसंग हमखास येतो. त्याने प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राची, म्हणजे आपण ज्याला ‘एको’ म्हणतो त्याची, एखादी जुनी आकृती मिळवलेली असते. सामानाची यादी खिशात घालून तो पुण्याच्या तापकीर गल्लीत शिरतो, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण रेडिओवाल्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच आहे. तासाभरात रेझिस्टर मिळतात, कपॅसिटर मिळतात, ट्रान्सफॉर्मर, बटणे, पत्र्याचा डबा, सगळे मिळते. मिळत नाही ती एकच वस्तू: त्या यंत्राचा जीव असलेली आयसी. दुकानदार चिठ्ठीवरचा नंबर वाचतो आणि चिठ्ठी परत करतो. “ही आता येत नाही, साहेब.” वऱ्हाड सगळे हजर, आणि नवरदेवाचाच पत्ता नाही!

अशा वेळी काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय. ही आयसी का येत नाही, ती कुठे शोधावी, खरी-खोटी कशी ओळखावी, आणि शोध केव्हा थांबवावा, हे आपण क्रमाने पाहू. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आपण स्वतःला फार उशिरा विचारतो.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरून चालू. आवाज थोडा वेळ थांबवून ठेवणारी एक आयसी असते. इंग्रजीत तिला ‘बकेट ब्रिगेड’ म्हणतात, म्हणजे बादल्यांची रांग. हे नाव अगदी यथार्थ आहे. गावात घराला आग लागली, विहीर लांब, तर माणसे विहिरीपासून घरापर्यंत एका ओळीत उभी राहतात आणि भरलेली बादली हातोहात पुढे जाते. माणसे जागची हलत नाहीत, पाणी मात्र पोहोचते, आणि पोहोचायला वेळ लागतो. हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोन संशोधकांनी १९६९ साली हीच युक्ती विजेला लावली. बादलीच्या जागी इवलासा कपॅसिटर, आणि पाण्याच्या जागी विद्युत्भार. गाण्याचा विद्युत्-संकेत एका टोकाने ओतायचा. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो पुढच्या बादलीत सरकतो. आणि काही क्षणांनी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. तो मूळ आवाजात मिसळला, की झाला प्रतिध्वनी.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे पॅनासॉनिकने, या जातीच्या अनेक आयसी काढल्या. एमएन ३००७ मध्ये १०२४ बादल्या, एमएन ३००८ मध्ये २०४८, आणि एमएन ३००५ मध्ये ४०९६. पुढे कमी दाबावर चालणाऱ्या एमएन ३२०७ आणि एमएन ३२०५ आल्या. गिटारवादकांच्या पायाखाली असणाऱ्या कितीतरी नामांकित पेट्या यांच्यावर चालल्या. बॉस कंपनीचा डीएम-२ आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा डीलक्स मेमरी मॅन ही त्यांतली दोन प्रसिद्ध नावे. त्यांच्या आवाजात एक मऊपणा आहे, आणि तो कानाला लागला की सुटत नाही. म्हणूनच मात्सुशिताने उत्पादन थांबवून इतकी वर्षे झाली, तरी एमएन ३००५ शोधणारी माणसे जगभर आहेत.

आता, ही आयसी बंद का झाली? दुकानदाराने ठेवली नाही म्हणून नव्हे. आयसी ही काही सुताराने मागणीनुसार घडवावी अशी वस्तू नाही. ती ज्या प्रक्रियेने बनते त्या प्रक्रियेसाठी सबंध कारखाना मांडावा लागतो, आणि तो लाखो नगांच्या हिशेबानेच परवडतो. आवाज अंकांत साठवणारी यंत्रे स्वस्त झाली, तशी बादल्यांच्या रांगेची घाऊक मागणी आटली. उरले ते आपल्यासारखे हौशी आणि काही छोटे कारखानदार. त्यांच्यासाठी जुनी प्रक्रिया चालू ठेवणे कोणाला परवडणार? मोठ्या कंपन्या उत्पादन थांबवण्यापूर्वी बहुधा आगाऊ सूचना देतात आणि शेवटची मागणी नोंदवायला मुदत देतात. मोठे कारखानदार त्या मुदतीत साठा करतात. आपल्याला ती बातमी लागते तेव्हा गाडी स्टेशनातून सुटलेली असते.

मग शोध कुठे सुरू करावा? माझे सांगणे असे, की तो बाजारात सुरू करूच नये. घरी, कागदावर सुरू करावा. प्रत्येक आयसीची एक माहितीपत्रिका असते, तिला ‘डेटाशीट’ म्हणतात. ती उत्पादकानेच छापलेली असते आणि बहुतेक जुन्या आयसींच्या पत्रिका आज संगणकावर फुकट वाचायला मिळतात. आयसीला किती दाब लागतो, कोणता पाय कशासाठी आहे आणि ती काय काम करते, हे तिथे स्पष्ट दिलेले असते. पत्रिका वाचल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. मला हा नंबर हवा आहे, की हे काम हवे आहे?

थोडा हिशेब करू. कंटाळू नका, हिशेब शाळकरी आहे. भरलेली बादली पुढे द्यायची तर पुढच्या माणसाचे हात रिकामे हवेत. म्हणून रांगेतल्या निम्म्याच बादल्या एका वेळी भरलेल्या असतात. त्यामुळे विलंब काढायचा तर बादल्यांच्या संख्येला घड्याळाच्या दर सेकंदाच्या ठोक्यांच्या दुपटीने भागायचे. घड्याळ सेकंदाला १०,००० ठोके देत असेल, तर ४०९६ बादल्यांची आयसी आवाजाला सुमारे २०५ मिलिसेकंद थांबवते, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. १०२४ बादल्यांची आयसी त्याच घड्याळावर ५१ मिलिसेकंद थांबवते. आता पाहा. ज्याला स्पष्ट वेगळा ऐकू येणारा प्रतिध्वनी हवा, त्याला पहिली लागेल. पण ज्याला ‘कोरस’ हवा, म्हणजे एका वाद्याची दोन वाद्ये वाटावीत असा भरलेला आवाज हवा, त्याला पाचपासून वीस-पंचवीस मिलिसेकंद पुरेत. त्याने एमएन ३००५ साठी वणवण करण्यात काय अर्थ? तांब्याभर पाण्यासाठी कोणी रहाट बसवत नाही.

आणखी एक गोष्ट याच हिशेबातून निघते. घड्याळ जितके सावकाश, तितका विलंब अधिक. पण तितका आवाज बोथटही. घड्याळाच्या निम्म्याहून वरचे स्वर या रांगेतून नीट जाऊच शकत नाहीत, आणि व्यवहारात एक तृतीयांशावरच थांबावे लागते. १०,००० ठोक्यांचे घड्याळ म्हणजे साधारण ३,३०० कंपनांपर्यंतचा आवाज, जवळजवळ जुन्या टेलिफोनइतका. ज्या मऊपणाची लोक एवढी वाखाणणी करतात, त्याचा मोठा भाग या मर्यादेत आणि तिच्यासाठी घातलेल्या गाळण्यांत आहे. तो काही त्या काळ्या तुकड्यावरच्या अक्षरांत नाही. हे कळले की निम्मा मोह तिथेच उतरतो.

खुद्द कारखानदारांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. बॉसचा डीएम-२ सुरुवातीला एमएन ३००५ वर चालत असे. पुढे त्याच पेटीत त्याच नावाखाली एमएन ३२०५ बसू लागली. संगीतयंत्रांच्या दुनियेतले दुसरे उदाहरण प्रॉफेट-५ या सिंथेसायझरचे. १९७८ साली तो आला तेव्हा त्यात एसएसएम जातीच्या आयसी होत्या. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांची जागा डग कर्टिस यांच्या सीईएम जातीच्या आयसींनी घेतली. मूळ बनवणारा जर गरज पडताच आयसी बदलतो, तर आपणच नंबरला चिकटून का बसावे?

तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी तीन पर्याय लिहून काढावेत. पहिला पर्याय म्हणजे तीच जात, पण नवा उत्पादक. बादल्यांच्या रांगेचे काम करणाऱ्या आयसी आज कूलऑडिओ कंपनीच्या नावाने मिळतात. एमएन ३२०७ च्या जागी व्ही ३२०७, एमएन ३२०५ च्या जागी व्ही ३२०५, आणि त्यांना ठोके देणारी व्ही ३१०२. शांघायच्या बेलिंग कंपनीनेही बीएल ३२०७ आणि बीएल ३२०८ बनवल्या. मात्र इथे सावध राहावे. जुनी ३००० ची मालिका उणे १५ व्होल्टवर चालणारी. नवी ३२०० ची मालिका ५ व्होल्टच्या आसपास, आणि तिची धन-ऋण बाजू उलटी. नंबर सारखा दिसतो म्हणून जुन्या जागी नवी आयसी तशीच खोचली, तर ती तत्काळ प्राण सोडते. पाहुणा बदलला की पाटही बदलावा लागतो. आकृती त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी.

दुसरा पर्याय म्हणजे भावंड. एकेकाळी आरसीए कंपनीची सीए ३०८० ही आयसी आवाज विद्युत्-दाबाने कमी-जास्त करण्यासाठी सर्रास वापरत. ती बंद झाली. पण एलएम १३७०० या आयसीच्या पोटात तशाच जातीची दोन यंत्रे आहेत, आणि ती अजून बनते. तिचे पाय सोळा, जुनीचे आठ. म्हणजे पीसीबी नवीन करावा लागेल. पण एकीच्या जागी दोघी मिळतात, हा तोटा म्हणायचा की नफा?

तिसरा पर्याय म्हणजे वेगळ्या मार्गाने तेच काम. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची पीटी २३९९ ही आयसी आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो थांबवते आणि पुन्हा आवाज करून सोडते. साधारण ३० पासून ३४० मिलिसेकंदांपर्यंत विलंब तिला देता येतो. ५ व्होल्ट आणि मोजके रेझिस्टर-कपॅसिटर एवढ्यावर ती चालते. कराओके यंत्रांसाठी ती बनली. भजनी मंडळाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या ॲम्प्लिफायरमध्ये जी स्वस्त एको-पट्टी बसवतात, तिच्यावरही बहुधा हीच दिसेल. विलंब वाढवला की तिच्यात खरखर वाढते, हे खरे. पण पहिल्यांदाच यंत्र बांधणाऱ्याने पीटी २३९९ पासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती जळली तर दुसरी त्याच गल्लीत मिळते, आणि शिकणाऱ्या हाताला ही निर्धास्ती फार मोलाची असते.

आता समजा, तीनही पर्याय तपासले आणि तरी मूळ आयसीच हवी. जुने यंत्र दुरुस्त करायचे असेल तर असे होऊ शकते. तिथे मुळाबरहुकूम वस्तू लागते. मग शोधाचा क्रम असा ठेवावा. प्रथम अधिकृत वितरक. डिजी-की, माऊसर, एलिमेंट १४ यांसारखे वितरक उत्पादकाकडून थेट माल घेतात, त्यामुळे तिथे बनावटीची भीती जवळजवळ नसते. बंद झालेल्या आयसींसाठी अमेरिकेतली रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी आहे. मूळ उत्पादकांच्या संमतीने ती उरलेला साठा विकते, काही आयसी परवान्याने पुन्हा बनवतेही. अडचण एवढीच, की परदेशाहून एक आयसी मागवली तर टपालखर्च आणि जकात मिळून मूळ किमतीला झाकून टाकतात. यावर उपाय आपल्याकडे जुनाच आहे: भिशी! चार-पाच हौशी मंडळींनी याद्या एकत्र कराव्यात आणि एकदाच मागणी नोंदवावी. खर्च वाटला जातो, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

त्यानंतर आपल्या गावचा बाजार. इथे कसे विचारावे, यालाही महत्त्व आहे. नुसता नंबर सांगू नये, माहितीपत्रिकेचे पहिले पान दाखवावे. जुना दुकानदार असेल तर तो स्वतःच सांगतो, “हा नाही, पण त्याच्यासारखा अमुक आहे.” माल दाखवला, तर सरळ विचारावे: ओरिजिनल, कॉपी, की काढीव? काढीव म्हणजे जुन्या यंत्रातून उपटून काढलेला. अनेक दुकानदार खरे उत्तर देतात. गिऱ्हाइकाने विचारायचे मात्र असते. पावती मागावी. आणि पहिल्या दिवशी एकच नग घ्यावा. तपासावा, खरा निघाला तर मग आणखी घ्यावेत.

सर्वांत शेवटी संगणकावरचे अनोळखी विक्रेते. त्यांतले सगळे लबाड असतात असे नाही. पण ज्या आयसीचे उत्पादन कित्येक वर्षांपूर्वी थांबले, तिचे हजारो कोरे नग एखाद्याकडे स्वस्तात हजर असतील, तर कपाळाला आठी पडलीच पाहिजे.

इथे आपण बनावटीच्या प्रश्नाशी येतो. बनावट आयसी म्हणजे बहुधा कोणी गुपचूप कारखान्यात बनवलेली नव्हे. असते ती खरी आयसीच, पण दुसरीच. एखादी स्वस्त, भलत्या कामाची आयसी घ्यायची, तिची पाठ घासून मूळ अक्षरे पुसायची, वर काळा थर द्यायचा, आणि महाग नंबर छापायचा. ध्वनियंत्रांच्या क्षेत्रात हा धंदा जोरात चालतो, कारण इथले गिऱ्हाईक नावावर भाळते. फिलिप्सची टीडीए १५४१ए ही जुन्या सीडी प्लेअरमधली आयसी घ्या. तिच्या निवडक नगांवर मुकुटाचे चिन्ह छापलेले असे. बाजारात मुकुटाला किंमत आली, आणि साध्या नगांवर मुकुट चढू लागले. आपल्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना एसटीके मालिकेतल्या जाड आयसींचा अनुभव असतोच. दिसायला हुबेहूब, आवाज वाढवला की धूर.

डोळ्यांनी काय पाहावे, ते आता सांगतो. भिंग घ्यावे आणि आयसी उजेडात तिरपी धरावी. पाठ एका दिशेने खरवडलेली दिसते का? एका टोकाला जो गोल खळगा असतो, त्याचा तळ गुळगुळीत हवा. वरचा थर त्यात उतरलेला दिसला, तर पाठ रंगवलेली आहे. नखरंग काढण्याच्या ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून हलकेच घासावा. मूळ छपाई बहुधा टिकते. वरून दिलेला थर काळा होऊन कापसाला लागतो. पाय पाहावेत. त्यांवर जुन्या डागाचे कण किंवा ओरखडे असतील तर माल काढीव आहे. तो वाईटच असेल असे नव्हे, पण मग तो कोरा म्हणून विकायला नको. तारीख वाचावी. पुष्कळ कारखाने चार आकडे छापतात: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८४२३ म्हणजे १९८४ चा तेविसावा आठवडा. आयसी बाजारात येण्यापूर्वीची किंवा बंद झाल्यानंतरची तारीख तिच्यावर असेल, तर आणखी पुरावा कशाला हवा?

पण डोळ्यांवर फार विसंबू नये. चांगला लबाड डोळ्यांना फसवतो. त्याला फसवता येत नाही ते मोजमाप. बादल्यांच्या रांगेची परीक्षा घरच्या घरी होते. ब्रेडबोर्डवर माहितीपत्रिकेतले साधे सर्किट मांडावे, दाब योग्य आहे ना, हे मल्टिमीटरने आधी पाहावे, आणि ठोके देणारी आयसी किती वेगाने चालते ते मोजावे. मग संगणकाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची डावी बाजू आत जाणाऱ्या आवाजाला आणि उजवी बाहेर येणाऱ्या आवाजाला जोडावी. एक टिचकी वाजवून मुद्रण करावे. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत दोन्ही टिचक्या पडद्यावर दिसतात, आणि त्यांतले अंतर मोजता येते. १०,००० ठोक्यांवर २०५ मिलिसेकंद आले, तर रांग ४०९६ ची आहे. ५१ आले, तर तुम्हाला चौपट नाव सांगून चतकोर माल विकलेला आहे. आणि दुसरी टिचकी आलीच नाही, तर ती मुळात या जातीची आयसी नसावी, किंवा असली तर मेलेली असावी. या कसोटीत कोणाचे मत लागत नाही, कोणाची हमी लागत नाही.

ही कसोटी एवढ्या विस्ताराने सांगण्याला एक कारण आहे. बनावट आयसीने पैसे जातात ते जातातच. पण खरे नुकसान वेगळे आहे. नवशिका मुलगा आठवडाभर खपून यंत्र बांधतो. सुरू करतो, तर आवाज नाही. तो सांधे तपासतो, डाग पुन्हा देतो, तारा बदलतो. दोष आयसीत असेल हे त्याच्या मनातही येत नाही, कारण वर तर मोठ्या कंपनीचे नाव छापलेले असते! अखेर ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे म्हणून तो सोल्डरिंगची कांडी माळ्यावर टाकतो. आयसी आधी वेगळी तपासलेली असेल, तर तो दोष कुठे शोधायचा हे जाणतो. स्वतःच्या हातावरचा त्याचा विश्वास शाबूत राहतो. त्या विश्वासापुढे आयसीची किंमत ती काय?

खरी आयसी हाती आली की तिची निगा राखावी. बादल्यांच्या रांगेच्या आयसी स्थिर विजेने मरतात. आपल्याकडे हिवाळ्यात, विशेषतः घाटमाथ्यावर आणि विदर्भात, हवा कोरडी होते. अंगातला पॉलिएस्टरचा सदरा काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढी वीज तिला पुरे होते. काळ्या वाहक फोममध्ये, नाहीतर अॅल्युमिनियमच्या पातळ वर्खात पाय खोचून तिला ठेवावे. हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. आणि तिला थेट डाग कधी देऊ नये. पीसीबीवर आयसी बेस बसवावा, सगळे झाळकाम संपवावे, दाब मोजावेत, आणि सर्वांत शेवटी आयसी बेसमध्ये बसवावी. चालू यंत्रातून ती काढू-घालू नये.

एक विनंती मुद्दाम करतो. दुर्मिळ आयसीसाठी चालते जुने यंत्र फोडू नका. जुना एको-ॲम्प्लिफायर, जुने जपानी वाद्य हे आयसीपेक्षा अधिक दुर्मिळ आहे. ते बंद असेल तर आधी दुरुस्त होते का ते पाहावे. पुष्कळदा एखादा वाळलेला कपॅसिटर बदलला की ते बोलू लागते. भंगारात निघालेल्या आणि खरोखरच निकामी झालेल्या पट्टीवरून आयसी काढायला मात्र हरकत नाही. तिथे तो कचऱ्याचा सदुपयोगच आहे. पाय एकेक करून मोकळे करावेत, फार तापवू नये, आणि ‘काढीव’ अशी चिठ्ठी लावून ठेवावी.

आणि निराश तर मुळीच होऊ नये. बंद झालेली आयसी पुन्हा जन्म घेत नाही असे नाही. डग कर्टिस २००७ साली वारले. त्यांची सीईएम ३३४० ही आयसी, जिच्यावर कितीतरी सिंथेसायझरांचे स्वर उभे होते, २०१६ साली पुन्हा बनून बाजारात आली. लाटव्हियातल्या आल्फा कंपनीने तिचीच प्रतिकृती एएस ३३४० या नावाने काढली, कूलऑडिओने व्ही ३३४० काढली. एकेकाळी जिच्यासाठी जुनी वाद्ये फोडली जात, ती आता कोरी मिळते. खुद्द प्रॉफेट-५ हे वाद्य २०२० साली नव्याने आले, तेव्हा त्यात कर्टिस यांच्या घराण्याची आणि जुन्या एसएसएम घराण्याची, अशा दोन्ही जातींच्या आवाज-गाळण्या बसवलेल्या होत्या. हे कशामुळे घडले? सरकारने हुकूम काढला म्हणून नव्हे. हौशी माणसे आणि लहान कारखानदार मागत राहिले, बांधत राहिले, म्हणून. मागणी करणारे हात जिवंत असतील, तर वस्तू परत येते.

तेव्हा नंबर सापडला नाही म्हणून काम अडवून ठेवू नका. आज जे मिळते त्यावर यंत्र बांधा, बेसवर आयसी बसवा, आकृतीच्या कडेला तारखेसह टीप लिहून ठेवा. उद्या मूळ आयसी हाती आली, तर दुसरे यंत्र बांधता येईल आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतील. कदाचित फरक जाणवेल, कदाचित जाणवणार नाही. काहीही झाले तरी निर्णय तुमच्या कानांनी दिलेला असेल, छापील नंबराने नव्हे. आणि मधल्या काळात तुमच्या घरात प्रतिध्वनी घुमत राहिलेला असेल.